पालकांना गुण मागू नका, काय घडलं ते विचारा

आपत्कालीन विभागातून मुलाला घरी सोडताना आईवडिलांच्या हातात एक फॉर्म येतो, नाहीतर थोड्या वेळानं मोबाइलवर लिंक येते. नर्सिंग सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? १ ते ५ पैकी एक निवडा. ज्या मुलाला काही तासांपूर्वी झटके येत होते ते आता डोळे उघडून पाणी मागतंय. त्याच्या बापानं इथे काय लिहावं? त्याचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडलाय. तो ५ वर खूण करतो, मुलाला खांद्यावर घेतो आणि निघतो. महिनाअखेरीस अशा खुणांची सरासरी निघते आणि बैठकीत सांगितलं जातं, पालक समाधानी आहेत.

या सरासरीवर माझा विश्वास नाही. पालकांना विचारूच नये असं मला म्हणायचं नाही. त्यांना विचारलं जातं ते फार उशिरा, आणि तेही भलतंच, ही माझी तक्रार आहे. आपत्कालीन विभागात पाळी बदलते, डॉक्टर बदलतात, एकच नर्स अनेक खाटांमध्ये धावत असते. मुलाजवळून न हललेलं माणूस एकच असतं: आई, बाप किंवा जे कोणी त्याला घेऊन आलं ते. सुई किती वेळा टोचली, ऑक्सिजनचा मास्क कधी निसटला, मुलाला लघवी शेवटची कधी झाली, ‘थांबा, येतेच’ म्हणून गेलेली नर्स किती वेळानं परतली, हे सगळं त्या माणसानं पाहिलेलं असतं. पालक त्या उपचारांचा साक्षीदार आहे. त्याची साक्ष घ्यायची सोडून आपण त्याला परीक्षक बनवतो आणि गुण द्यायला लावतो.

माणूस समाधानी आहे की नाही, हे त्याची अपेक्षा काय होती यावर फार अवलंबून असतं. ज्याला आजवर प्रत्येक खिडकीवर तुसडं उत्तरच मिळालंय, त्याला कुणी नुसतं ‘बसा’ म्हटलं तरी बरं वाटतं. ज्याची अपेक्षा मोठी, तो चांगल्या सेवेलाही ३ देतो. त्यात भीती मिसळलेली असते. रात्री पुन्हा ताप चढला तर याच दारात यावं लागणार, हे माहीत असताना कोणते आईवडील वाईट लिहितील? फॉर्म हातात देणारी तीच नर्स असेल तर बोलायलाच नको. ब्रिटनमध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांच्या सर्वेक्षणाचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण अनुभव ‘उत्कृष्ट’ म्हणणाऱ्यांनीही नेमके प्रश्न विचारल्यावर अनेक उणिवा सांगितल्या होत्या. एकाच माणसाची ही दोन्ही उत्तरं, आणि दोन्ही प्रामाणिक. पहिलं कृतज्ञतेचं, दुसरं माहितीचं. सुधारणा करायची असेल तर कामाचं ते दुसरं.

गुण वाढवणं हेच ध्येय झालं की काय होतं, याचा धडा प्रौढांच्या उपचारांत मिळालेला आहे. अमेरिकेत जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुमारे ५२ हजार प्रौढांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत समाधानी असलेल्या गटावर खर्च जास्त झाला होता, ते रुग्णालयात जास्त वेळा दाखल झाले होते आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका सर्वांत कमी समाधानी गटापेक्षा २६ टक्के अधिक होता. समाधानानं माणसं मेली असा याचा अर्थ नव्हे. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत. पण खूश असणं म्हणजे सुरक्षित असणं, हे गृहीत धरता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं. त्याच देशात रुग्णांच्या सर्वेक्षणातले गुण रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी पैशाशी जोडले गेले. त्यात वेदना कमी केल्याबद्दलचे प्रश्न होते. गुणांसाठी अफूजन्य वेदनाशामकं सढळ हातानं लिहून दिली जातील अशी चिंता इतकी वाढली, की ते प्रश्न पैशाच्या हिशोबातून काढून टाकण्याचा निर्णय २०१६ मध्ये घ्यावा लागला.

एवढं वाचून काही डॉक्टर आणि व्यवस्थापक मान डोलावतील: बघा, पालकांना वैद्यकातलं काय कळतं, त्यांच्या मताला किती किंमत द्यायची? हा निष्कर्ष मला गुणांच्या सरासरीपेक्षाही धोक्याचा वाटतो. आरोग्यसेवेचा दर्जा कसा जोखावा याची मांडणी अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये केली, ती आजही वापरली जाते. साधनं आणि मनुष्यबळ काय होतं, प्रत्यक्ष काय केलं गेलं, आणि त्याचा परिणाम काय झाला, अशा तीन अंगांनी ते सेवेकडे पाहायला सांगतात. औषधाची निवड बरोबर होती का, हे पालकाला सांगता येणार नाही. पण प्रत्यक्ष काय केलं गेलं याची त्याच्याइतकी सलग माहिती कुणाकडेच नसते. केसपेपरवर ‘सलाईन लावलं’ एवढीच ओळ असते. ते लावताना काय झालं ते केसपेपरवर नसतं.

सलाईन लावण्याबद्दलच बोलू, कारण आपत्कालीन विभागातून घरी गेलेल्या पालकांच्या मनात बहुतेकदा तोच प्रसंग रुतून बसतो. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या मुलाची शीर सापडणं खरोखर अवघड असतं. अनुभवी नर्सलाही दोन-तीनदा टोचावं लागतं. त्यासाठी मी कुणालाही दोष देणार नाही. प्रश्न आहे तो टोचण्याच्या आधीच्या आणि मधल्या वेळेचा. आईला बाहेर काढलं का? मुलाला आडवं पाडून तिघांनी हातपाय दाबून धरले, की आईच्या मांडीवर, तिच्या छातीला बिलगून बसवलं आणि एकच हात मोकळा घेतला? लहान मूल आडवं दाबून धरलं की भीतीनंच जास्त ओरडतं आणि धडपडतं, मग शीर पुन्हा निसटते. दोन प्रयत्न फसल्यावर तिसरा त्याच हातांनी केला, की अधिक सराव असलेल्या कुणाला बोलावलं? कातडी बधिर करणारं मलम लावलं का? या मलमाचा परिणाम व्हायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून डॉक्टरनं सांगितल्यावर लावायला घेतलं तर ‘आता वेळ नाही’ हेच उत्तर येणार. तेच मलम आल्या आल्या, पहिली तपासणी करणाऱ्या नर्सनं लावलं, तर वाट पाहण्याचा वेळ कारणी लागतो. मूल अत्यवस्थ असेल तर अर्थातच थांबायचं नाही. पण आपत्कालीन विभागात आलेलं प्रत्येक मूल अत्यवस्थ नसतं. तान्ह्या बाळाला टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब दिले किंवा टोचताना आईनं अंगावर पाजलं तरी त्याचं दुखणं कमी होतं. हे सगळं स्वस्त आहे, माहीत आहे, अभ्यासांनी तपासलेलं आहे. ते झालं की नाही, हे फक्त पालक सांगू शकतो.

लहान मुलांच्या वेदनेकडे वैद्यकानं फार उशिरा पाहिलं, हे विसरून चालणार नाही. अगदी १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना आपल्यासारखं दुखत नाही अशी समजूत बाळगून त्यांच्या शस्त्रक्रिया अत्यल्प भूल देऊन केल्या जात. डॉ. के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हृदयाजवळच्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत प्रभावी वेदनाशामक दिलं तर त्यांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत, दोन्ही कमी होतात. त्यानंतर चित्र बदललं. बोलता न येणाऱ्या मुलाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण देऊन वेदना मोजण्याची ‘फ्लॅक’ पद्धत १९९७ मध्ये आली. नर्स ती वापरू शकते. पण नेहमी कसं रडतं आणि आज कसं रडतंय यातला फरक आईलाच कळतो. नर्सनं मोजपट्टी आणि आईचे कान दोन्ही वापरायला हवेत. म्हणून ‘नर्सचं वागणं कसं होतं?’ असा गुळमुळीत प्रश्न मला चीड आणतो. त्याऐवजी विचारा: मुलाला दुखत होतं तेव्हा किती वेळानं औषध मिळालं? औषधानंतर कमी झालं का, हे कुणी येऊन पाहिलं? सुई टोचताना तुम्ही मुलाजवळ होता का?

वाट पाहण्याबद्दलही असंच. आपत्कालीन विभागात रांग येण्याच्या क्रमानं चालत नाही, कोण किती गंभीर यावरून चालते. दारात बसलेली नर्स काही मिनिटांत मुलाकडे पाहून ठरवते: भान कसं आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का, त्वचा फिकी किंवा निळसर पडलीय का. या कामाला ट्रायाज म्हणतात आणि सगळ्या विभागाचा भार त्यावर उभा असतो. मलावीतल्या ब्लँटायर इथल्या रुग्णालयाचं उदाहरण बोलकं आहे. साधनांची टंचाई तशीच होती, पण मुलांची ट्रायाज आणि तातडीची सेवा नीट लावली गेली; आधी दाखल मुलांतला मृत्यूदर १० ते १८ टक्के असे, तो ६ ते ८ टक्क्यांवर आल्याची नोंद २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आहे.

पण बाकावर बसलेल्या पालकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की आपल्यानंतर आलेलं मूल आधी आत गेलं. त्याच्या पोटात कालवाकालव होते, मग राग येतो, आणि तो राग समोर दिसणाऱ्या पहिल्या गणवेशावर निघतो. अमेरिकेतल्या एका आपत्कालीन विभागातल्या रुग्णांवर केलेला १९९६ मधला अभ्यास सांगतो, की किती वेळ थांबावं लागलं यावर रुग्णांचं समाधान ठरत नव्हतं. थांबणं किती लांबलं असं त्यांना वाटलं, काय चाललंय ते कुणी सांगितलं का, आणि बोलणारा आपुलकीनं बोलला का, यावर ते ठरत होतं. व्यवस्थापनाला हा निष्कर्ष फार सोयीचा वाटू शकतो: प्रतीक्षा कमी करायला नको, नर्सला गोड बोलायला शिकवलं की झालं. मला तो तसा वाचायचा नाही. ‘तुमच्या मुलाचा श्वास आत्ता ठीक आहे, म्हणून त्या बाळाला आधी घेतलं, अर्ध्या तासानं मी पुन्हा येऊन ताप आणि श्वास पाहीन, त्याआधी ते गुंगायला लागलं किंवा पाणी पोटात राहिनासं झालं तर मला लगेच हाक मारा.’ एवढं बोलण्यात सौजन्य आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात उपचार आहे. नर्सनं पालकाला काय पाहायचं ते सांगितलं आणि रांगेतल्या मुलावर एक डोळा वाढला. मात्र तिनं अर्ध्या तासानं खरंच येऊन पाहिलं पाहिजे. तेही पालकालाच विचारा.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. पालकाला विचारायचा खरा प्रश्न घरी जाताना विचारायचाच नाही. तो मूल खाटेवर असताना विचारायचा: ‘तुम्हाला याची तब्येत बिघडतेय असं वाटतंय का?’ मुलांमधला गंभीर संसर्ग कोणत्या लक्षणांवरून ओळखता येतो याचा आढावा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आला. धाप, निळसरपणा, त्वचेवर दाबून न जाणारे डाग अशा खुणांबरोबर त्यात आणखी दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: ‘हे दुखणं नेहमीसारखं नाही’ ही पालकाची काळजी, आणि ‘काहीतरी चुकतंय’ ही डॉक्टरची आतली जाणीव. अलीकडे मेलबर्नमधल्या एका बालरुग्णालयात येणाऱ्या मुलांच्या पालकांना हाच प्रश्न नाडी-ताप घेताना नेमानं विचारला गेला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पालकाला काळजी वाटणं आणि मूल अतिदक्षता विभागात जाणं यांचा संबंध कोणत्याही एका बिघडलेल्या मोजमापापेक्षा अधिक घट्ट आढळला.

काही ठिकाणी हे शहाणपण मुलं गमावून आलं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २००७ मध्ये रायन साँडर्स नावाचं, तीन वर्षंही पूर्ण न झालेलं मूल संसर्गानं दगावलं. तो बिघडत चाललाय हे आईवडील सांगत होते, पण त्यावर हालचाल झाली नाही. तिथे आज ‘रायन्स रूल’ आहे. आधी नर्सशी किंवा डॉक्टरशी बोला, समाधान झालं नाही तर पाळीच्या प्रमुख नर्सशी बोला, तरी शंका राहिली तर त्यासाठी ठरवलेल्या क्रमांकावर फोन करा. मग मुलाची नव्यानं तपासणी होते. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसनं, म्हणजे संसर्गामुळे शरीरातले अवयव निकामी होऊन, गेली. वेळेवर अतिदक्षता विभागात हलवली असती तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्यूच्या चौकशीत म्हटलं गेलं. २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला आणि कुटुंबाला दिवसरात्र केव्हाही वेगळ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागता येऊ लागली.

या नियमांमुळे पालक ऊठसूट फोन करतील, नर्सचा अधिकार जाईल, अशी भीती घातली जाते. मला ती पटत नाही. पालकाची काळजी सर्वांत आधी नर्सच्याच कानावर पडते. पुष्कळदा तिलाही तेच वाटत असतं, पण ‘आई म्हणतेय’ एवढ्या आधारावर वरिष्ठ डॉक्टरला झोपेतून उठवायचं बळ तिच्याजवळ नसतं. नियम असला की ते बळ येतं. पालकाच्या काळजीला केसपेपरवर नाडी आणि तापाच्या शेजारी रकाना मिळाला, तर ती भावना म्हणून झटकता येत नाही, निरीक्षण म्हणून नोंदवावी लागते. काही पालक उगाच घाबरतात हे खरं आहे. साध्या तापानं मेंदूवर परिणाम होईल अशी धास्ती किती पसरलेली असते, हे बार्टन श्मिट यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. पण उगाच घाबरलेल्या आईला शांत करायलाही मुलाला नीट तपासावंच लागतं. दोन्ही वेळी नर्सला करायचं काम एकच आहे.

याला जोडून आणखी एक गैरसमज. पालकांना खूश ठेवायचं तर ते मागतील ते द्यावं लागतं, सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक द्यावंच लागतं, असं सर्रास बोललं जातं. अमेरिकेत रिटा मँजिओनी-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे तपासलं. पालकांना अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरला वाटलं की ते लिहून दिलं जात होतं. पण पालकांचं समाधान मात्र औषध मिळण्यावर अवलंबून नव्हतं. त्यांच्याशी अपेक्षेप्रमाणे नीट बोललं गेलं का, यावर होतं. म्हणजे पालकांना खूश ठेवायचं म्हणून खपवलेल्या त्या औषधांनी पालकांचं समाधान होतच नव्हतं. आपत्कालीन विभागात हे बोलणं शेवटी नर्सच्याच वाट्याला येतं. डॉक्टर दोन वाक्यं सांगून पुढे जातात आणि ‘म्हणजे नक्की काय म्हणाले?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो.

आता न दिसणाऱ्या पालकांबद्दल. समाधानाचा फॉर्म भरतात ते मुलाला बरं करून घरी नेणारे. कंटाळून, तपासणी न होताच निघून गेलेल्यांना कुणी विचारत नाही. ज्यांचं मूल अतिदक्षता विभागात गेलं त्यांचा फॉर्म दुसऱ्याच विभागाच्या खात्यात जमा होतो. ज्यांना फॉर्मची भाषा वाचता येत नाही ते सोबतच्या कुणाकडून खूण करून घेतात किंवा कोराच परत देतात. आणि ज्यांचं मूल तिथेच गेलं, त्यांना काही विचारण्याची हिंमतच कुणाला होत नाही. सरासरीतून नेमकी तीच माणसं गळतात ज्यांच्या सांगण्यातून सर्वांत जास्त शिकायला मिळालं असतं.

मृत्यूच्या प्रसंगी आईवडिलांना खोलीत राहू द्यावं का, हा वाद जुना आहे. अगदी साध्या आजारातही मुलाजवळ राहण्यासाठी पालकांना झगडावं लागलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या काही रुग्णालयांत मुलांना भेटायला आठवड्यातून एखाद्याच वेळी परवानगी असे. रुग्णालयातल्या मुलांबद्दलच्या १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालानं भेटीच्या वेळांची बंधनं काढायला सांगितली आणि तिथून हळूहळू दारं उघडली. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याचे प्रयत्न चालू असताना मात्र नातेवाइकांना आजही बऱ्याच ठिकाणी बाहेर काढतात. फ्रान्समध्ये घरी कोसळलेल्या प्रौढांच्या नातेवाइकांवर झालेल्या अभ्यासात, जवळ थांबायचं का असं विचारून तशी मुभा दिलेल्यांमध्ये नंतरच्या मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली आणि उपचारांत अडथळाही आला नाही, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलांच्या बाबतीत मी याचा सरधोपट नियम करणार नाही. कुणाला ते पाहवणार नाही, आणि त्याला बाहेर बसण्याचा हक्क आहे. पण विचारलं पाहिजे, आणि आत थांबणाऱ्याच्या शेजारी फक्त त्याच्यासाठी एक नर्स उभी राहिली पाहिजे. काय चाललंय ते सांगायला, मुलाचा हात कुठून धरता येईल ते दाखवायला. त्या पाळीला एवढी जास्तीची नर्स असते का?

सगळी चर्चा इथे येऊन थांबते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा लिंडा एकेन यांचा २००२ मधला अभ्यास नर्सिंगमध्ये सर्वांना ठाऊक आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ रुग्णांमध्ये, एका नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती. आपत्कालीन विभागात तर हा हिशोब ताशी बदलतो, आणि मुलांमध्ये काम आणखी किचकट असतं. प्रत्येक औषधाचा डोस वजनावर काढायचा, दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दसपट औषध जाणार. मूल स्वतः काही सांगत नाही. शेजारी घाबरलेले दोन-तीन नातेवाईक एकाच वेळी बोलत असतात. अशा ठिकाणी एकटीनं उभ्या असलेल्या नर्सच्या नावापुढे समाधानाचे गुण लावून तिची पगारवाढ किंवा ताशेरे ठरवणं हा अन्याय आहे. तिचा आवाज चढला असेल, ती हसली नसेल, तिनं ‘मागे व्हा’ म्हटलं असेल. कदाचित त्याच क्षणी पलीकडच्या पडद्याआड एका बाळाचा श्वास थांबत असेल. पालकाला ते ठाऊक नसतं, आणि त्याचा रागही खोटा नसतो. व्यवस्थेनं माणसं कमी ठेवायची आणि त्याचा जाब या दोघांनी एकमेकांना विचारायचा, हे मला असह्य वाटतं. नर्सवर हात उगारणाऱ्या पालकाची बाजू मी कधीच घेणार नाही. पण पालकांच्या तक्रारींचा उपयोग नर्सला झोडपण्यासाठी करणारं व्यवस्थापनही मला तितकंच दोषी वाटतं.

आणि मुलाचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलाला त्याच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क देतं. पाच-सहा वर्षांचं मूलही सांगू शकतं, की ताईनं आधी सांगून टोचलं की न सांगता. ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगून टोचलं असेल तर ते पुढच्या वेळी कुणावरच विश्वास ठेवणार नाही. त्यालाही विचारा, दोनच प्रश्न, त्याला कळतील अशा शब्दांत.

मग करायचं काय? समाधानाचा एकच प्रश्न हवा तर ठेवा, पण त्याच्या सरासरीवर कोणताही निर्णय घेऊ नका. बाकी प्रश्न घडलेल्या गोष्टींचे असू द्या: वजन केलं का, दुखण्याचं औषध केव्हा मिळालं, किती वेळा टोचलं, थांबताना मध्ये कुणी येऊन पाहिलं का, काळजी बोलून दाखवली तेव्हा पुढे काय झालं, घरी कोणती लक्षणं दिसली तर परत आणायचं ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का. उपचार करणाऱ्यांनी हे विचारू नये. मूल घरी गेल्यावर दोन-चार दिवसांनी, पालकाच्या भाषेत, फोनवर विचारावं. तोवर भीती ओसरलेली असते आणि आठवण ताजी असते. न तपासता निघून गेलेल्यांना आणि अतिदक्षता विभागात गेलेल्यांना आधी फोन जावा. ज्यांचं मूल गेलं त्यांना फोनवर प्रश्नावली वाचून दाखवायची नाही. काही आठवड्यांनी त्यांना भेटीचं निमंत्रण द्यावं, त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आधी द्यावीत, आणि त्यांना बोलायचं असेल तरच ऐकून लिहून घ्यावं.

जमलेल्या हकिकती दर आठवड्याला विभागातल्या नर्सेसनी स्वतः वाचाव्यात, आणि प्रत्येक हकिकतीशेजारी त्या पाळीचं ड्युटीचं वेळापत्रक ठेवावं: किती मुलं होती, किती नर्स होत्या, बधिर करणारं मलम साठ्यात होतं का, ते डॉक्टरच्या सहीशिवाय लावायची नर्सला मुभा होती का. हा दुसरा कागद समोर नसेल तर पहिल्या कागदावरून एकाही नर्सला जाब विचारायचा अधिकार व्यवस्थापनाला नाही. आणि दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर जी उणीव दिसेल, ती कधी आणि कुणी भरून काढली, हे ज्या पालकानं ती सांगितली त्याला कळवलं गेलं पाहिजे.